विचारा तर खरं : लोखंडात उतरलेला नंबर

मागच्या अंकात गिटमधल्या ब्रँचवर लिहिताना ‘टॅगचं नंतर बघू’ असं म्हणून मी अंग काढून घेतलं होतं. ते वाचकांनी बरोबर पकडलं. या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं टॅगचीच आहेत, त्यामुळे हा अंक त्यालाच. नव्यानं आलेल्यांसाठी चार शब्द : गिट म्हणजे कामातला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर, कमिट म्हणजे त्यातली एक नोंद, ब्रँच म्हणजे अशा नोंदींची एक वाट आणि टॅग म्हणजे एखाद्या नोंदीला लावलेली नावाची खूण. ‘पुश’ म्हणजे आपलं काम सामायिक सर्व्हरवर पाठवणं, ‘पुल’ म्हणजे तिथलं आपल्याकडे आणणं. कमांड इथे कानाला ऐकू येतात तशा देवनागरीत छापल्यात. ‘डॅश’ म्हणजे एक आडवी रेघ, ‘डॅश डॅश’ म्हणजे दोन. टाइप मात्र इंग्रजीतच करायचं, नाहीतर पुढच्या महिन्यात तीच तक्रार घेऊन याल.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही चौघं मिळून गुळाच्या अडत्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. आतापर्यंत गिऱ्हाइकाला दिलेली प्रत्येक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचो : ‘फायनल’, ‘फायनल नवं’, ‘फायनल मार्केट यार्ड’. आता गिटवर आलोय. टॅग आणि ब्रँच यात नेमका फरक काय? टॅगचे दोन प्रकार आहेत म्हणतात, त्यातला कुठला घ्यायचा? आणि मी टॅग केला, पुशही केलं, तरी शेजारच्या खुर्चीवरच्याला तो दिसत नाही. असं का?

उत्तर : ‘फायनल मार्केट यार्ड’ वाचून हसले खरी, पण माझ्याही कपाटात मार्करनं ‘शेवटची’ असं लिहिलेल्या चार सीड्या आहेत. त्यातली शेवटची कुठली, ते आता मलाही सांगता येणार नाही.

फरक एका वाक्याचा आहे. ब्रँच दर कमिटबरोबर पुढं सरकते, टॅग जिथं लावला तिथंच बसतो. ‘हीच प्रत आपण मार्केट यार्डात दिली’ हे सांगायला सरकणारी खूण काय कामाची?

प्रकारांचं मात्र जरा तपशिलात सांगते, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. मी उद्यमनगरात वाढले. वडील पॅटर्नमेकर, फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न करायचे, म्हणजे ज्यावरून साचा बनतो तो नमुना. कास्टिंगवर, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या नगावर, खुणा दोन तऱ्हेच्या असतात. एक खडूची : तपासणारा नगावर गोल काढतो, फुली मारतो, आकडा टाकतो आणि संध्याकाळपर्यंत ते पुसूनही जातं. दुसरी हीट नंबरची, म्हणजे भट्टीच्या त्या खेपेच्या आकड्याची. तो साच्यातच बसवलेला असतो. रस ओतला की आकडा लोखंडातच उठून येतो. दोन वर्षांनी नग तडकून परत आला, तरी त्या आकड्यावरून रजिस्टर उघडायचं : कुठल्या दिवसाची भट्टी, रसाची तपासणी काय आली होती, सगळं सापडतं.

गिटमध्येही तसंच आहे. नुसतं ‘गिट टॅग’ आणि पुढं नाव दिलं की खडूचा टॅग होतो. त्याला लाइटवेट म्हणतात. तो म्हणजे डॉट गिट फोल्डरच्या आत, रेफ्स, टॅग्ज इथं पडलेली एक छोटीशी फाइल. नोटपॅडमध्ये उघडून बघा. आत एका कमिटचा ४० अक्षरांचा हॅश, म्हणजे तिची ओळखखूण, बाकी काही नाही. कुणी लावला, कधी लावला, कशासाठी लावला, काहीच नाही.

‘गिट टॅग डॅश ए’, पुढं नाव, मग ‘डॅश एम’ आणि अवतरणात निरोप, असं दिलं की ओतीव टॅग होतो, म्हणजे ॲनोटेटेड. याची गिटच्या साठ्यात स्वतंत्र नोंद बनते : लावणाऱ्याचं नाव, ईमेल, तारीख, निरोप. ‘गिट शो’ आणि टॅगचं नाव दिलं की ते सगळं वर दिसतं आणि खाली कमिट दिसते. हाती आलेला टॅग कुठल्या जातीचा ते बघायचं असेल तर ‘गिट कॅट-फाइल डॅश टी’ आणि नाव द्या. उत्तर ‘टॅग’ आलं तर ओतीव, ‘कमिट’ आलं तर खडूचा. ‘डॅश ए’ च्या जागी ‘डॅश एस’ दिलं तर वर जीपीजीची, म्हणजे संगणकावर पडताळता येणारी, सहीही उमटते. लिनक्स कर्नलच्या आवृत्त्या अशाच सहीच्या टॅगनं निघतात.

माझा नियम सरळ आहे. गिऱ्हाइकाच्या उंबऱ्याच्या आत जाणार असेल तर ओतीव. ‘जेवायला उठण्याआधी इथवर चालत होतं’ अशी स्वतःपुरती खूण असेल तर खडू.

आता शेजारच्या खुर्चीचं. साधं ‘गिट पुश’ टॅग नेतच नाही. ब्रँच जाते, टॅग तुमच्याच मशीनवर राहतात. ‘गिट पुश ओरिजिन’ आणि पुढं टॅगचं नाव लिहा, तो एकटा जाईल. ‘डॅश डॅश टॅग्ज’ दिलंत तर झाडून सगळे जातात, खडूचेसुद्धा. मग तुमचं ‘जेवायला उठण्याआधी’ सर्व्हरवर सगळ्यांना दिसतं. त्यापेक्षा ‘गिट पुश डॅश डॅश फॉलो-टॅग्ज’ बरं. ते जाणाऱ्या कमिटींना लागून असलेले ओतीव टॅगच तेवढे नेतं, खडूचे घरी ठेवतं. रोज लिहायचा कंटाळा असेल तर कॉन्फिगमध्ये पुश डॉट फॉलोटॅग्ज हे ट्रू करून टाका. माझ्या मशीनवर तसंच आहे.

जाता जाता : ‘गिट डिस्क्राइब’ ही कमांडही मुळात ओतीव टॅगच बघते. ती ‘व्ही १.४, मग ७, मग जी आणि हॅशची सुरुवातीची अक्षरं’ असं काहीतरी छापते. अर्थ असा की १.४ नंतर सात कमिट पुढं आलोय. हे बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापायची सोय करून ठेवा. अडत्याचा फोन आला की ‘तळाची ओळ वाचा’ एवढंच विचारायचं.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांसाठी बिमांच्या हिशोबाचं ॲप लिहितो. काल व्ही २.१ टॅग लावून पुश केला आणि रात्री कळलं की टॅग एक कमिट मागच्यावर लागलाय, शेवटची दुरुस्ती त्यात नाही. टॅग उचलून पुढच्या कमिटवर ठेवला तर चालेल का? गिटला ‘डॅश एफ’ दिलं की जमतं असं दिसतंय.

उत्तर : जमतं हो. जमतं म्हणूनच माझे दोन दिवस आणि एक गिऱ्हाईक जवळजवळ गेलं होतं.

२०१६ चा पावसाळा. मी आणि माझा एक सहकारी, दोघांचाच व्यवसाय. फाउंड्र्यांसाठी डिस्पॅचचं सॉफ्टवेअर, म्हणजे नग मोजा, वजन काढा, चलन छापा. दुपारी चारला मी व्ही २.३ टॅग लावला, पुश केला. सहकाऱ्यानं लगेच पुल केलं, टॅग त्याच्याकडे गेला. साडेपाचला चहा घेताना माझ्या लक्षात आलं की मी एका नगाचं वजन आधी पूर्ण किलोत करून मग नगांनी गुणतेय. एक नग ४.६ किलोचा, नग ५०. व्हायला हवेत २३० किलो, चलनावर येणार २५०.

दोन ओळींची दुरुस्ती. केली, कमिट केली, आणि मग तुम्ही विचारताय तेच केलं. ‘गिट टॅग डॅश एफ’ नं २.३ उचलून नव्या कमिटवर ठेवला, ‘गिट पुश डॅश एफ’ नं सर्व्हरवर रेटला. कुणाला पत्ता लागला नाही म्हणून मनातल्या मनात खूशही झाले. माझ्याकडच्या २.३ वरून पहिल्या कारखान्याचा सेटअप बनवला आणि देऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहकाऱ्यानं पुन्हा पुल केलं. ब्रँच पुढं आली. टॅग आला नाही. तुमच्याकडे नसलेला टॅग पुलबरोबर आपोआप येतो, पण त्या नावाचा टॅग आधीच असेल तर गिट त्याला हात लावत नाही, आणि तसं सांगतही नाही. त्यानं आपल्याकडचा व्ही २.३ चेकआउट केला, म्हणजे त्या खुणेच्या वेळच्या फाइली समोर आणल्या, सेटअप बनवला आणि दुसऱ्या कारखान्यात बसवून आला. दोघांचीही काही चूक दिसत नव्हती. दोन्हीकडे ‘आमच्याबद्दल’ च्या खिडकीत २.३.

आठवड्यानं दुसऱ्या कारखान्यातून स्टोअरवाल्याचा फोन. “ताई, काट्यावर २३० भरतंय आन् तुमचं चलन २५० दावतंय. गाडी गेटवर हुबी हाय.” मी विचारलं, व्हर्जन कुठलं? “२.३.” मी माझ्या मशीनवर २.३ उघडलं, तेच आकडे टाकले. २३०. म्हटलं, तुम्ही भरताना चुकताय. तोही माणूस तिरसट, त्यानं फोटो पाठवला. २५०.

मग शोधाशोध. डेटाबेस बघितला, विंडोजची आकड्यांची सेटिंग बघितली, प्रिंटर ड्रायव्हरपर्यंत गेले, लाज वाटते सांगायला. दुसऱ्या रात्री दोघांचे लॅपटॉप टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हीकडे ‘गिट शो व्ही २.३’ दिलं. माझ्याकडे कमिट ‘सी ४ ए’ नं सुरू होत होती, त्याच्याकडे ‘९ एफ ०’ नं. एका नावाचे दोन नग, दोन वेगळ्या भट्ट्यांचे.

घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. त्यांना गिट काय ठाऊक, पण नंबराचं कळलं. म्हणाले, “लोखंडात उतरल्याला नंबर कानशीनं घासून दुसरा टाकनारा मानूस चोर तरी असतोय, न्हाईतर खुळा. तू चोर न्हाईस.” आणि पेपर वाचायला लागले.

फाउंड्रीत हीट चुकली की काय करतात? त्या नंबराचे नग बाजूला काढतात आणि पुढच्या भट्टीला पुढचा नंबर देतात. वाया गेलेला नंबर रजिस्टरमध्ये तसाच राहतो, शेऱ्यासकट. तुम्हीही तेच करा. २.१ आहे तिथं राहू द्या. पुढच्या कमिटवर २.१.१ लावा आणि निरोपात लिहा की २.१ मध्ये शेवटची दुरुस्ती राहून गेली होती, २.१ वापरू नये. आकडे फुकट असतात. गिटच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये, टॅग कमांडच्या पानावर, पुन्हा टॅग लावण्याबद्दल वेगळा भाग आहे. चूक कबूल करून नवं नाव घेणं हा शहाण्याचा मार्ग आणि जुन्याच नावावर रेटणं हा वेड्याचा, असे शब्द तिथं आहेत. माझे वडील ते लिहिणाऱ्यांना कधी भेटलेले नाहीत.

टॅग अजून फक्त तुमच्याच मशीनवर असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा खुशाल ‘गिट टॅग डॅश डी’ नं पुसा आणि परत लावा. रस अजून ओतलेला नसतो. पण एकदा पुश झाला की कुणी घेतला, कुणी नाही, हे कळायला मार्ग नाही. सर्व्हरवरून काढता येतो, ‘गिट पुश ओरिजिन डॅश डॅश डिलीट’ आणि टॅगचं नाव. ज्यांनी आधी घेतला त्यांच्याकडचा त्यानं जात नाही.

आता गिट थोडं शहाणं झालंय. २०१८ च्या डिसेंबरात आलेल्या २.२० पासून ‘गिट फेच डॅश डॅश टॅग्ज’ दिलं आणि तुमच्याकडचा टॅग सर्व्हरच्या टॅगशी जुळला नाही, तर ते ‘रिजेक्टेड’ म्हणून ओरडतं आणि जुना टॅग पुसू देत नाही. पूर्वी ते गुपचूप बदलायचं. साध्या पुलला मात्र अजूनही तशीच शांतता. काही कारणानं टॅग हलवलाच असेल तर प्रत्येकाला फोन करून सांगावं लागतं : आधी ‘गिट टॅग डॅश डी’ आणि नाव, मग ‘गिट फेच ओरिजिन टॅग’ आणि नाव. चार माणसं असतील तर चार फोन. लाज वाटेल, पण करा.

आणि ही नुसती हिशोबाची भानगड नाही. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या (गिटमधलं काम ठेवायच्या वेबसाइटवरच्या) ‘चेंज्ड-फाइल्स’ नावाच्या, हजारो प्रकल्पांत वापरल्या जाणाऱ्या एका ॲक्शनचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या तयार स्क्रिप्टचे, टॅग कुणीतरी उचलून खोडसाळ कमिटवर नेऊन ठेवले. नाव जुनंच, माल वेगळा. ज्यांनी टॅगच्या नावावर विसंबून ती ओढून घेतली, त्यांच्या बिल्डच्या लॉगमध्ये पासवर्डसारखी गुपितं छापली गेली. ज्यांनी नावाऐवजी आधीच्या कमिटचा पूर्ण हॅश लिहून ठेवला होता, त्यांच्याकडे जुनाच माल येत राहिला. सर्व्हर गिटलॅबचा असेल तर ‘प्रोटेक्टेड टॅग्ज’, गिटहबचा असेल तर रूलसेट लावून ठेवा. व्ही नं सुरू होणारा टॅग कुणाला नुसत्या पुशनं हलवता-पुसता येणार नाही, तुम्हालासुद्धा. विशेषतः तुम्हाला, रात्री साडेअकराला.

प्रश्न : मॅडम, शिरोली एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे. सीएनसीचे प्रोग्रॅम आम्ही सबव्हर्जनमध्ये (गिटसारखंच बदल नोंदवणारं दुसरं सॉफ्टवेअर) ठेवतो. ड्रॉइंगच्या रिव्हिजनप्रमाणे टॅग केलेले आहेत. ऑपरेटरनं ‘रेव्ह डी’ च्या टॅगमध्येच फीड (हत्यार सरकण्याचा वेग) बदलून कमिट केलं आणि ते झालंसुद्धा! टॅग बदलत नाही ना?

उत्तर : गिटवाल्यांचं वाचून सबव्हर्जन वापरलंत की असं होतं. सबव्हर्जनमध्ये टॅग नावाची वेगळी वस्तूच नाही. ट्रंक (मुख्य काम), ब्रँचेस, टॅग्ज ही तीन साधी फोल्डरं. टॅग करणं म्हणजे ट्रंकची ‘एसव्हीएन कॉपी’ टॅग्जमध्ये टाकणं. ती कॉपी सर्व्हरवर जागा जवळजवळ घेत नाही, म्हणून हवी तेवढी करा. पण तिथं लिहू नये हा नुसता संकेत आहे. ऑपरेटरला बिचाऱ्याला ते इतरांसारखंच फोल्डर दिसलं. त्याच्यावर ओरडू नका.

आधी नुकसान बघा. रेव्ह डीच्या फोल्डरवर ‘एसव्हीएन लॉग डॅश डॅश स्टॉप-ऑन-कॉपी’ चालवा. एकच नोंद आली पाहिजे, कॉपी केल्याची. दोन आल्या तर दुसरी ऑपरेटरची. टॅग्जमधल्या बाकीच्या फोल्डरांवरही चालवा. एकटंच निघणार नाही, पैज लावते. मग त्या फोल्डरची कॉपीच्या वेळची रिव्हिजन घेऊन तिथून शुद्ध टॅग नव्या नावानं करा, आणि बदललेला फीड खरंच चांगला असेल तर तो ट्रंकमध्ये रीतसर घ्या. शेवटी सर्व्हरवर प्री-कमिट हुक, म्हणजे कमिट स्वीकारण्याआधी चालणारी तपासणी, बसवून टॅग्जमध्ये नवं फोल्डर घालायला मुभा आणि असलेल्यात बदलाला बंदी, असं करून टाका. छोटीशी स्क्रिप्ट आहे, तुमच्याकडे आयटी बघणारा जो कुणी असेल त्याचं अर्ध्या दिवसाचं काम.

प्रश्न : टॅगांच्या यादीत १.१० हा १.९ च्या आधी येतो. आमचे साहेब म्हणतात १.९ नंतर २.० च करा, गोंधळ नको.

उत्तर : साहेबांना नमस्कार सांगा आणि ‘गिट टॅग डॅश डॅश सॉर्ट इज इक्वल टु व्ही कोलन रेफनेम’ चालवून दाखवा. यादी आकड्यांच्या हिशोबानं लागते. इज इक्वल टुच्या पुढं एक डॅश घातला तर नवा वर. साधी यादी अक्षरांच्या क्रमानं लागते, म्हणून १० हे ९ च्या आधी.

२.० केव्हा, याला गिटहबच्या संस्थापकांपैकी एक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली सिमँटिक व्हर्जनिंगची रीत बहुतेक जण पाळतात. जुनं मोडलं तर पहिला आकडा, जुनं न मोडता नवं घातलं तर मधला, नुसती दुरुस्ती असेल तर शेवटचा. उलट बाजूही आहे : लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २०११ मध्ये लिनक्स २.६.३९ नंतर थेट ३.० केलं, मोठं काही बदललं म्हणून नव्हे, आकडे फार लांबले म्हणून. साहेब टोरवाल्ड्स असतील तर त्यांचं ऐका.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगला आहे. जुना टॅग चेकआउट केला तर गिट म्हणतंय ‘डिटॅच्ड हेड’. काही मोडलं का?

उत्तर : नाही रे बाळा, नाव तेवढं भयंकर आहे. तू एका खुणेवर उभा आहेस, कुठल्याच ब्रँचवर नाहीस, इतकाच त्याचा अर्थ. बघायचं तेवढं बघ आणि ‘गिट स्विच मेन’ नं परत ये. तिथं काही बदलून कमिट करायचं असेल तर मात्र आधी ‘गिट स्विच डॅश सी’, पुढं नव्या ब्रँचचं नाव, पुढं टॅगचं नाव. नाहीतर केलेलं काम कुठल्याच ब्रँचला लागत नाही, आणि मग रीफ्लॉगमध्ये, म्हणजे तू कुठं कुठं होतास त्याच्या गिटनं ठेवलेल्या नोंदीत, चाचपडत बसावं लागतं. ‘स्विच’ ओळखत नाही असं म्हणालं तर तुझं गिट २.२३ च्या आधीचं, म्हणजे २०१९ च्या ऑगस्टआधीचं आहे. ते आधी बदल.

प्रश्न : ताई, मी प्रोग्रॅमर नाही. शिवाजी विद्यापीठात पीएच.डी. करतेय, प्रबंध गिटमध्ये ठेवते (भाऊ शिकवून गेला). गाइडना दिलेली प्रत कुठली, हे नंतर कळत नाही. टॅग वापरू का? आणि आधी दिलेल्या प्रतींचं काय?

उत्तर : वापरा, आणि ओतीवच वापरा. आधीच्या प्रतींनाही लावता येतो. ‘गिट लॉग’ मध्ये त्या दिवशीची कमिट शोधा, तिच्या हॅशची सुरुवातीची सात-आठ अक्षरं उचला आणि ‘गिट टॅग डॅश ए’, नाव, हॅश असं द्या. टॅगवर तारीख आजची पडेल, कमिटवर तेव्हाचीच राहते, म्हणून देण्याचा खरा दिवस निरोपातच लिहा. ‘प्रकरण ३, छापील ८४ पानं, गाइडना हातात दिली, आकृती ३.२ अजून जुनीच’ असं. ‘गिट टॅग डॅश एन’ दिलं की सगळे टॅग निरोपासकट एकाखाली एक येतात. गाइडनी शेरे मारलेली प्रत परत दिली की पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं त्याच टॅगचं नाव लिहा, आणि मगच ती दप्तरात टाका.